गाडीवरून ट्रेलरची बॅटरी चार्ज करायची तर आधी मीटर काढा

ट्रेलर जोडला, सात पिनांचा प्लग खोचला, की मागची बॅटरी वाटेत आपोआप भरत जाते अशी बऱ्याच जणांची समजूत असते. माझं रोजचं काम गाड्यांच्या वायरिंगचं, त्यामुळे मी समजुतीपेक्षा मल्टिमीटरवर विश्वास ठेवतो. बॅटरी अर्धी उतरलेली असताना इंजिन चालू करा, गाडीच्या बॅटरीवर व्होल्टेज मोजा आणि लगेच मागे जाऊन ट्रेलरच्या बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. पुढे १४.२ आणि मागे १२.८ आलं, तर मधल्या वायरिंगने १.४ व्होल्ट खाल्ले. १२.८ वर लेड-ॲसिड बॅटरी कितीही तास लावून ठेवा, पूर्ण भरणार नाही.

हिशोब सोपा आहे. २.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध दर मीटर लांबीला साधारण ७ मिलिओहम. जायला १० मीटर, परत यायला १० मीटर. त्यातून १० अँपिअर गेले की १.४ व्होल्ट गेलेच. त्यात फ्रिज त्याच वायरवर बारा व्होल्टने चालत असेल तर विषयच संपला. त्याला वेगळी वायर द्या.

जुन्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र) कायम चौदाच्या वर व्होल्टेज देत असेल आणि बॅटरी लेड-ॲसिड असेल, तर जाड केबल आणि इग्निशनवर चालणारा रिले (किल्ली चालू असतानाच दोन बॅटऱ्या जोडणारा स्विच) एवढ्यावर भागतं. रिले हवाच, नाहीतर मुक्कामाला ट्रेलरचे दिवे गाडीची बॅटरी उतरवून ठेवतात. नव्या गाड्यांत मात्र स्मार्ट अल्टरनेटर असतो. पुढची बॅटरी भरली की तो व्होल्टेज खाली आणतो, मागे पोचायला काही उरत नाही. लिथियमची अडचण उलटी: ती मिळेल तेवढा करंट ओढते. इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरतो, आणि तेव्हाच तो तापून जळण्याचा धोका. या दोन्ही प्रकारांत डीसी-डीसी चार्जर लावा, म्हणजे गाडीकडून येणारं व्होल्टेज बॅटरीला हवं तेवढं करून ठरावीक करंटने भरणारा डबा, यावर मी वाद घालत नाही.

चार्जर ट्रेलरच्या बॅटरीजवळ बसवा, म्हणजे वाटेत गळालेलं व्होल्टेज तो तिथे भरून काढतो. फक्त पाण्याच्या बॅटरीच्या पेटीतच नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. २० अँपिअरचा चार्जर १४.४ व्होल्टला २८८ वॉट देतो. ९० टक्के कार्यक्षमता धरली तर बारा व्होल्टच्या बाजूने सुमारे २७ अँपिअर ओढतो. हा भार सात पिनांच्या प्लगवर टाकू नका. माझ्याकडे येणाऱ्या अशा प्लगमध्ये एका पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडून फुगलेलं असतं, बाकीच्या पिना अगदी नव्यासारख्या. १६ स्क्वेअर एमएमची केबल आणि ५० अँपिअरचा वेगळा कनेक्टर घ्या. निगेटिव्हलाही तेवढीच जाड केबल हवी. हुकच्या गोळ्यावर अर्थिंग सोडणं म्हणजे ग्रीस आणि गंजातून करंट नेणं.

फ्यूज केबलच्या दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरात. बॅटरी दोन्हीकडे आहे, त्यामुळे मध्ये कुठे केबल घासून शॉर्ट झाली तर आग दोन्ही बाजूंनी पेटू शकते. वरच्या हिशोबाला ४० अँपिअरचा फ्यूज चालतो. पत्र्यातून केबल जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला, सायलेन्सरपासून लांब ठेवा. काम सुरू करताना निगेटिव्ह आधी काढा, जोडताना शेवटी लावा.

ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच मेन स्विचच्या मागे अडकवू नका. तो थेट बॅटरीवर हवा, त्याचा स्वतःचा फ्यूज मात्र असू द्या.

चार्जरवर बॅटरीचा प्रकार बॅटरीवरच्या लेबलप्रमाणे निवडा. लिथियम शून्य अंश सेल्सिअसच्या खाली चार्ज करायची नाही. तापमान बघून चार्जिंग थांबवणारा बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) आहे का ते विकत घेतानाच विचारा.

मग अर्धा तास चार्जिंग चालू ठेवा, इंजिन बंद करा आणि कनेक्टर, लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टोक), फ्यूज होल्डर एकेक करून हाताने चाचपा. कोमट ठीक. बोट ठेववत नसेल तर लग उघडून पुन्हा क्रिंप करा, म्हणजे केबलवर घट्ट दाबून बसवा, फ्यूज मोठा घालू नका. आणि १०० अँपिअर-अवरची अर्धी उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी अडीच तासांत भरेल असं धरू नका. शेवटचे वीस टक्के ती रडतखडत घेते, त्याला मुक्कामी मेन्सचा चार्जर किंवा सोलर लागतो.