ऐन भरतीतला पाऊस आणि सपाट आलेख

मुंबईतल्या पर्जन्यवाहिन्यांची जुनी क्षमता ताशी २५ मिमी, ब्रिमस्टोवॅड या पर्जन्यवाहिनी सुधारणा आराखड्यानं सुचवलेली ५० मिमी. तोच ५० मिमीचा दर घेऊन साठवण टाकीतली पातळी संगणकावर काढून पाहू. १ हेक्टरवरचं पाणी ५०० चौ.मी.च्या साठवण टाकीत आलं, तर पातळी तासाला बरोबर १ मीटर चढते. पाऊस फक्त अर्धा तास, ६ व्या तासापासून ६.५ पर्यंत. समुद्र, टाकीच्या तळापासून मोजून, कोसाइन(२π(टी−६)÷१२.४२) मीटर (टी म्हणजे वेळ तासांत, १२.४२ तास म्हणजे एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंतचा काळ), म्हणजे ऐन भरतीत पाऊस. टाकी आणि समुद्रामधली झडप एकतर्फी: पाणी बाहेर जातं, आत येत नाही.

पातळीचा वेग = पाऊस − ०.६ × √(पातळी − समुद्र)

समुद्र तळाखाली असेल तेव्हा त्याच्या जागी शून्य धरा. वजाबाकी ऋण आली तरी शून्यच, नाहीतर वर्गमूळातून 'नॅन' (संख्याच नसलेलं उत्तर) येतो आणि पुढचं सगळं वाया.

आता पायथनच्या सायपाय संचातल्या, असं समीकरण पावलापावलानं सोडवणाऱ्या 'सॉल्व्ह_आयव्हीपी'ला रिकामी टाकी आणि ० ते २४ तास द्या. आलेख शून्यावर सपाट! त्रुटीचा संदेशही नाही. सुरुवातीला काहीच बदलत नसल्यानं त्याची नेहमीची पद्धत, आरके४५, पावलं दहापट वाढवत नेते आणि साधारण १.१ वरून थेट ११.१ तासांवर उडी मारते. मधल्या एकाही तपासणीत पाऊस सापडत नाही. 'आरटोल' (चालणाऱ्या सापेक्ष चुकीची मर्यादा) कमी करून फरक पडत नाही, कारण पद्धतीच्या हिशेबी चूक शून्यच आहे. 'टी_इव्हॅल'मध्ये वेळेचे हजार बिंदू दिले तरी तेच: ते फक्त उत्तर कुठे छापायचं ते ठरवतात, पावलं नाही.

'मॅक्स_स्टेप=०.१', म्हणजे जास्तीत जास्त ०.१ तासाचं पाऊल, दिलं की पाऊस दिसतो. त्याहून चोख म्हणजे ०–६, ६–६.५, ६.५–२४ असे तीन तुकडे करून सोडवणं: प्रत्येकात पाऊस स्थिर, मागच्याची शेवटची पातळी ही पुढच्याची सुरुवात. शेवटच्या तुकड्यात 'मॅक्स_स्टेप' राहू द्या; झडप उघडण्याचा क्षण तिथेच आहे.

वक्र कोनाकोनांचा दिसला तर उत्तरावर शंका घेऊ नका, पावलांचे मोजके बिंदू रेषेनं जोडले गेलेत. इथे मात्र 'टी_इव्हॅल' कामाचं, मिनिटाला एक बिंदू पुरे. समुद्र त्याच अक्षावर तुटक रेषेत काढा. पाऊस 'ट्विनएक्स'वर (उजवीकडच्या दुसऱ्या उभ्या अक्षावर), अक्ष उलटा करून, वरून लोंबणाऱ्या पट्ट्यांसारखा. जलविज्ञानात तशीच रीत आहे.

पडताळा हातानं होतो. ६.५ ला पातळी ०.५० मीटर हवी. समुद्र तेवढा उतरतो ६ + १२.४२÷६ = ८.०७ तासांनी, तोवर रेषा आडवी, मग उतार. त्याआधीच पातळी घसरली, तर झडपेची अट चुकली आहे.