रोजच्या शब्दावरून अष्टाक्षरी

रोज सकाळी एक शब्द घ्यायचा आणि रात्रीपर्यंत त्यावर चार ओळींची अक्षरबद्ध कविता लिहायची, असा सराव करणाऱ्यांना पहिली घाई होते ती अक्षरे मोजण्याची. वास्तविक मोजणी शेवटी यावी. आधी त्या शब्दातून डोळ्यांना दिसणारे काहीतरी हाती लागले पाहिजे. ‘उंबरठा’ म्हटले की मर्यादा, संस्कार, माप ओलांडणारी नववधू हे आपोआप सुचते, आणि ते सगळ्यांनाच सुचते. म्हणून पहिले दोन-तीन अर्थ कागदावर उतरवून बाजूला ठेवावेत आणि खऱ्या उंबरठ्याकडे पाहावे: तो लाकडी आहे की दगडी, त्याला हळदकुंकू लागले आहे का, तो नेमका कुठे झिजला आहे.

अष्टाक्षरीचा आज रूढ असलेला साचा सोपा आहे: चार चरण, प्रत्येकात आठ अक्षरे, दुसऱ्या आणि चौथ्या चरणाचे यमक. हा अक्षरछंद असल्यामुळे लघु-गुरू, म्हणजे अक्षरांचे आखूड-लांब उच्चार, पाहावे लागत नाहीत. जोडाक्षर एकच धरतात, अनुस्वार वेगळा मोजत नाहीत आणि पाय मोडलेले अक्षर सोडून देतात. त्यामुळे ‘आणि’ची दोन अक्षरे होतात, तर ‘अन्’चे एकच. मोजायचे ते लिहिलेले अक्षर. ‘खोलगट’ शब्दातले ‘ल’ आणि ‘ट’ बोलताना जवळजवळ अर्धे होतात, तरी छंदात त्याची अक्षरे चारच. म्हणूनच गद्यासारखी वाचली तर आखूड वाटणारी ओळ लयीत म्हटली की भरते. चौथ्या अक्षरापाशी शब्द संपला तर ओळ सहज चालते. तीन-तीन-दोन किंवा दोन-तीन-तीन अशी विभागणीही खपते, पण पाच-तीनला जीभ बहुधा अडखळते.

आता ‘उंबरठा हा घराचा / किती सुंदर तो बाई’ या ओळी पाहा. अक्षरे बरोबर आठ-आठ आहेत, पण ‘हा’, ‘तो’ आणि ‘बाई’ हे निव्वळ भरतीचे शब्द आहेत, आणि ‘सुंदर’मधून काहीच दिसत नाही. उंबरठ्याची झीज धरून लिहिले तर असे होईल:

उंबरठा झिजलेला,
मधोमध खोलगट;
आजी गेली तरी घरी
अजूनही तिची वट.

येथे यमकासाठी ‘चौकट’ हा शब्द अगदी हाताशी होता. पण तो दाराच्याच कुळातला असल्याने कविता जागच्या जागी राहिली असती. ‘वट’ने आजीचा स्वभाव आणला. यमक शोधताना प्रत्ययांवर विसंबू नये. ‘पायांनी–हातांनी’ असे जुळवणे म्हणजे व्याकरणाकडून उसनवारी होय.

शब्द तोच ठेवून छंद बदलून पाहणे हा यापुढचा उत्तम व्यायाम आहे. ‘देवाचिये द्वारी’ ज्या छंदात आहे त्या देवद्वार छंदात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते:

उंबरा झिजला,
मध्ये खोलगट;
आजीचीच वट
अजूनही.

‘उंबरठा’चा ‘उंबरा’ झाला आणि एक अक्षर वाचले. ‘आजी गेली’ हे सांगायला जागा उरली नाही, तरी ‘अजूनही’ने ते काम केले, आणि माझ्या मते अधिक चांगले केले.

पाच-सात-पाच अक्षरांचा हायकू मात्र प्रत्येक शब्दावर लिहू नये. कवयित्री शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेल्या या प्रकाराला प्रत्यक्ष पाहिलेला क्षण लागतो, त्यामुळे ‘कर्तव्य’ किंवा ‘विश्वास’ असा शब्द आला तर त्या दिवशी अष्टाक्षरीकडेच वळावे. लिहिलेले सकाळी पुन्हा मोठ्याने म्हणावे आणि ‘च’, ‘ही’, ‘गं’, ‘बघ’, ‘ते’ यांतला एकेक शब्द काढून पाहावा. अक्षरे कमी होऊनही अर्थ तसाच राहिला, तर त्या जागी नाम किंवा क्रियापद शोधावे.