छोट्या कॉमिक शोमध्ये (जुन्या कॉमिक्सच्या विक्री-मेळ्यात) टेबलाखालची खोकी आधी बघा
मागे टांगलेल्या अंकांसमोर रेंगाळू नका, त्यांचे भाव विक्रेत्याला पाठ असतात. खरा माल टेबलाखालच्या खोक्यांत, तिथले सगळे अंक एकाच भावाला असतात आणि नीट लावलेलेही नसतात, तिथे सरळ खाली बसायचं आणि एकेक अंक चाळायचा. हव्या असलेल्या अंकांचे नंबर मोबाईलमध्ये लिहून न्या, नाहीतर घरी असलेलाच अंक परत घेऊन याल.

पैसे द्यायच्या आधी विचारून अंक उघडून बघाच, पिना गंजल्यात का, मधलं पान सुटलंय का, कुणी कूपन कापलंय का. १९७४-७५ च्या बऱ्याच मार्व्हल अंकांत पत्रांच्या पानावर कापून चिकटवायचे स्टॅम्प असायचे, तो गायब असला की किंमत धाडकन खाली येते (नुसता वाचायला हवा असेल तर असला अंक बिनधास्त घ्या, मस्त डील असते!).

एकेका अंकावर घासाघीस नको, दहा-पंधरा जमवा मग सगळ्यांचे मिळून किती लावणार ते विचारा, रोख पैसे हातात असले की लवकर जमतं. आणि शो आवरायच्या वेळी तर अजून कमी करतात, ती जड खोकी परत गाडीत चढवायचा त्यांनाही कंटाळा येतो.