ग्रीन गेट कुठे आहे? पुण्याहून पहिल्यांदा क्रूझला निघताना

क्रूझचं बुकिंग करताना सगळा खल केबिनवर होतो. खिडकी हवी की बाल्कनी, मजला कितवा, जेवणात जैन पर्याय आहे का. बंदराचा विचार मात्र निघायच्या आदल्या रात्री, आणि तोही मोबाइलच्या नकाशात ‘मुंबई पोर्ट’ एवढंच टाकून. घोळ तिथेच सुरू होतो. मुंबई बंदर ही एक इमारत नाही. शहराच्या पूर्व किनाऱ्यावर काही किलोमीटर पसरलेला गोद्यांचा, गोदामांचा आणि भिंतींचा पट्टा आहे तो. त्या भिंतीला दारं अनेक, आणि ती रंगांच्या नावांनी ओळखली जातात: ग्रीन गेट, रेड गेट, यलो गेट, ऑरेंज गेट. चुकीच्या दारावर उतरलात तर आतून चालत योग्य जागी जाता येत नाही. बाहेर येऊन पुन्हा टॅक्सी करावी लागते.

मोठ्या क्रूझ जहाजांसाठी जायचं ते बॅलार्ड इस्टेटला, ग्रीन गेटकडे. इंदिरा गोदीलगत बॅलार्ड पिअरवर मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल आहे. त्याचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झालं. चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर तिथे आहेत, त्यामुळे आतली रांग आता पूर्वीसारखी छळत नाही. बोर्डिंग पासवर दुसरं गेट छापलं असेल तर मात्र तेच खरं माना, ऐकीव माहिती नाही.

टॅक्सीवाल्याला ‘क्रूझला जायचंय’ किंवा ‘बोटीवर सोडा’ असं सांगू नका. त्याच्या दृष्टीने बोट म्हणजे गेटवे ऑफ इंडिया, जिथून एलिफंटाच्या आणि मांडव्याच्या लाँच सुटतात. नाहीतर भाऊचा धक्का, जिथून मांडव्याची रो-रो सुटते. भाऊचा धक्का ग्रीन गेटपासून तीनेक किलोमीटरवर आहे. शनिवारी दुपारी, चार बॅगा आणि सासूबाईंसह, ते तीन किलोमीटर फार लांबचे होतात. ‘बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट’ एवढे चारच शब्द सांगा. आणि हो, न्हावा-शेवा हे कंटेनरचं बंदर आहे, ते खाडीच्या पलीकडे. नकाशाने तिकडे नेलं तर नकाशा चुकलाय.

वेळेचं गणित

बोर्डिंग पासवर दोन वेळा असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक तुमची रिपोर्टिंगची वेळ, म्हणजे काउंटरवर यायची. दुसरी जहाज सुटण्याची. या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी वेळ असते, चेक-इन बंद होण्याची, आणि ती बारीक अक्षरात असते. जहाज सुटायच्या बऱ्याच आधी काउंटर बंद होतात, कारण प्रवाशांची अंतिम यादी अधिकाऱ्यांकडे द्यायची असते. ‘पाचची बोट आहे, साडेचारला पोचू’ हे गणित एसटीला चालतं, इथे चालत नाही. चेक-इन बंद होण्याची वेळ शोधा, तिच्यावर पेनाने गोल करा आणि घरातून निघायची वेळ तिथून उलटी मोजा.

पुणेकरांसाठी सगळं गणित घाटात अडतं, म्हणून सामान घेऊन जायला गाडी म्हणजे रेल्वेच बरी, असं आमचं स्पष्ट मत आहे. सिंहगड एक्सप्रेस पुण्याहून ६:०५ ला सुटते आणि १० च्या आत सीएसएमटीला पोचते. ती चिंचवडला थांबते, त्यामुळे पिंपरी-चिंचवडकरांना पुणे स्टेशनपर्यंत उलटं यावं लागत नाही. डेक्कन क्वीन ७:१५ ला सुटून १०:२५ ला पोचते. प्रगती ७:५० ला सुटून साडेअकराच्या सुमारास पोचते. रिपोर्टिंग दुपारी साडेबाराचं असेल तर डेक्कन क्वीन नेमकी. गाडी पाऊण तास रखडली तरी हातात तासभर उरतो. प्रगती ही साडेबारासाठी जुगार आहे, दोनच्या स्लॉटसाठी मात्र उत्तम. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. क्रूझचं बुकिंग त्याच्याही आधी झालेलं असतं, म्हणून कॅलेंडरमध्ये त्या दिवसाची आठवण लावून ठेवा. सुट्टीच्या आठवड्यात या गाड्यांची वेटिंग लिस्ट लवकर फुगते. वेळापत्रक आदल्या दिवशी पुन्हा बघा. रविवारी मेगाब्लॉक असतो, हे मुंबईकराला सांगावं लागत नाही, पुणेकर विसरतो.

सीएसएमटीला उतरल्यावर गर्दीबरोबर मुख्य दाराकडे वाहत जाऊ नका. ते दार महापालिकेच्या बाजूला निघतं आणि तिथून टॅक्सीला वळसा पडतो. १८ नंबर फलाटाच्या बाजूने पी. डि’मेलो रस्त्याकडे बाहेर पडा. तो रस्ता गोदीच्या कडेकडेने दक्षिणेला, बॅलार्ड इस्टेटकडे जातो. अंतर साधारण एक-दीड किलोमीटर. एक चाकांची बॅग असलेला धडधाकट माणूस वीस मिनिटांत चालत जाईल. बाकीच्यांनी काळी-पिवळी करावी आणि मीटरनेच जावं. इतक्या जवळचं भाडं नको म्हणून एखादा टॅक्सीवाला नकार देतो. वाद घालू नका, पुढची बघा. रिक्षा शोधण्यात वेळ घालवू नका. मुंबईत बांद्रा आणि सायनच्या पलीकडे, दक्षिणेला, रिक्षा चालतच नाहीत. दरवेळी कोणीतरी पाच मिनिटं ‘रिक्षा स्टँड कुठाय?’ विचारत फिरतंच.

गाडीनेच जायचं असेल तर द्रुतगती मार्ग, पुढे पळस्प्याहून जेएनपीटीच्या रस्त्याने अटल सेतू, शिवडीला उतरून ईस्टर्न फ्रीवे आणि फ्रीवे संपला की पी. डि’मेलो रस्ता. वाशी, चेंबूर, सायन सगळं टळतं. अटल सेतूला कारचा एकेरी टोल २५० रुपये, पण क्रूझच्या दिवशी तो वसूल होतो. अडचण शेवटच्या टप्प्यात आहे. फ्रीवे ऑरेंज गेटजवळ उतरतो आणि तिथे मरीन ड्राइव्हकडे जाणाऱ्या बोगद्याचं काम सुरू आहे, त्यामुळे शेवटच्या दोन किलोमीटरला अर्धा तास धरा. खंडाळ्याच्या घाटात शनिवारी सकाळी काय होतं हे पुण्यात कोणाला सांगायला नको. त्यात द्रुतगती मार्गावर कमानी बसवण्यासाठी अधूनमधून ब्लॉक घेतात. त्याची बातमी आदल्या दिवशीच्या पेपरात असते. गाडीने निघणाऱ्यांनी मोकळ्या रस्त्याच्या वेळेत किमान दोन तासांची भर घालावी. गाडी तिथे ठेवून जायचा विचार सोडा. ड्रायव्हर सोडून परत आला तर ठीक, नाहीतर एकेरी कॅब करा.

शिवनेरीने दादरला उतरून पुढे टॅक्सी, हा तिसरा पर्याय. सकाळच्या लोकलमध्ये मोठ्या बॅगा घेऊन चढायचा मोह मात्र आवरा.

आंतरराष्ट्रीय सफर असेल, किंवा पावसाळ्याचं शेपूट असताना, ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघत असाल, तर आदल्या रात्री फोर्टमध्ये मुक्काम करा. एका रात्रीच्या खोलीचं भाडं चुकलेल्या जहाजापेक्षा स्वस्तच पडतं. जहाज कोणासाठी थांबत नाही, आणि ‘नो शो’ला परतावा मिळत नाही.

नाव, नाव आणि नाव

काउंटरवर सगळ्यात जास्त वेळ जातो तो नावापायी. आपल्याकडे एकाच बाईची चार नावं असतात: आधारवर लग्नाआधीचं, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे घातलेलं, बँकेत तिसरंच आणि एजंटने बुकिंग करताना टाइप केलेलं चौथं. ओळखपत्रावर ‘स्वाती विनायक कुलकर्णी’ आणि तिकिटावर ‘स्वाती देशपांडे’ असेल तर काउंटरवरची मुलगी तुम्हाला बाजूला उभं करून वरिष्ठांना बोलावणार. मधलं नाव गाळलं तर सहसा चालून जातं, आडनाव वेगळं चालत नाही. बुकिंगच्या दिवशीच प्रत्येकाचं ओळखपत्र समोर ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहा. दुरुस्ती तेव्हा एका फोनवर होते. प्रवासाच्या आदल्या दिवशी तिचे पैसे लागतात, आणि प्रवासाच्या दिवशी ती बहुधा होतच नाही.

गोवा, कोची, लक्षद्वीप अशा देशांतर्गत सफरीला आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट, यांतलं मूळ कार्ड बरोबर ठेवा. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका, आणि पॅन कार्डावरही नको. मुलांसाठी बाल आधार किंवा जन्मदाखला घ्या. नुसतं शाळेचं ओळखपत्र पुरेसं धरू नका. परदेशी बंदर असेल तर पासपोर्ट परतीच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध हवा. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो. तो बहुतेक वेळा कंपनीच काढते, पण कागद तुमच्याकडून वेळेत जावे लागतात. २४ आठवड्यांपुढच्या गरोदर स्त्रिया आणि सहा महिन्यांखालची बाळं यांना बहुतेक क्रूझ कंपन्या घेत नाहीत. हे काउंटरवर कळण्यासारखं दुःख नाही, आधीच विचारा.

वेब चेक-इन घरूनच करून टाका. पास आणि बॅगेचे टॅग कागदावर छापून घ्या, दोन-दोन प्रती.

गेटपासून जहाजापर्यंत

गेटवर पास आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. बंदराची सुरक्षा सीआयएसएफकडे आहे आणि ती मंडळी तुमच्या घाईने घाई करत नाहीत. सोडायला आलेल्या नातेवाइकांचा निरोप गेटबाहेरच घ्या. गोदीच्या परिसरात आणि गेटवर फोटो काढू नका. दक्षिणेला लागूनच नौदलाची गोदी आहे, त्यामुळे याबाबतीत कोणी मायाळूपणा दाखवत नाही. जहाजावर चढलात की हवे तेवढे काढा.

मोठ्या बॅगा तुमच्याकडून आधीच घेतात आणि त्या थेट केबिनच्या दाराशी येतात. पण लगेच नाही, कधीकधी संध्याकाळपर्यंत. म्हणून औषधं, चष्मा, चार्जर, कागदपत्रं, पोहण्याचे कपडे आणि लहान मुलाचा एक जोड खांद्यावरच्या पिशवीतच हवा. टॅगचं एक बारीक कौशल्य आहे. छापलेला कागद लांबट घडी घालून बॅगेच्या मुठीभोवती गुंडाळा, दोन्ही टोकं जुळवून तीन ठिकाणी स्टेपल करा आणि वरून रुंद सेलोटेप चढवा. नुसता स्टेपल केलेला कागद बॅगा एकमेकींवर आपटल्या की फाटतो. शिवाय केबिन क्रमांक आणि मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी बॅगेच्या आतही ठेवा. टॅग गळालेली बॅग उघडून मालक शोधायची वेळ आलीच तर ती चिठ्ठी कामाला येते.

एक्स-रेमध्ये हमखास अडकणाऱ्या वस्तू म्हणजे इस्त्री, विजेची किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, मेणबत्ती-अगरबत्ती, चाकू आणि दारू. उष्णता निर्माण करणारी किंवा जळणारी कोणतीही वस्तू जहाजावर चालत नाही. समुद्रात अग्निशमन दल येत नाही, हे त्यामागचं साधं कारण. घरचा स्वयंपाकही चालत नाही. पोळीभाजीचा डबा गाडीतच संपवा. सीलबंद बाकरवडीच्या पुड्याबद्दल कंपनीगणिक नियम वेगळे आहेत. नियम वाचा, आणि न्यायचाच असेल तर जप्त झाला तरी हळहळ वाटणार नाही एवढाच न्या.

त्यानंतर चेक-इन. फोटो काढतात आणि एक कार्ड देतात. ते कार्ड म्हणजे केबिनची किल्ली, ओळखपत्र आणि पाकीट, तिन्ही. जहाजावरचा खर्च त्यावर चढतो, त्यासाठी सुरुवातीला क्रेडिट कार्ड जोडून किंवा अनामत भरून घेतात. मुलांच्या कार्डावर खर्चाची मुभा ठेवू नका. परदेशी सफर असेल तर पुढे इमिग्रेशन, मग शिडी.

शिडी चढल्या चढल्या बुफेकडे धाव घेतली जाते. तिथेही एक काम आधी आहे: सुरक्षा कवायत. आंतरराष्ट्रीय नियमाने ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते आणि ती चुकवता येत नाही. तुमचं जमण्याचं ठिकाण कार्डावर किंवा केबिनच्या दारामागे लिहिलेलं असतं. सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणी, एवढं मुलांनाही पाठ करून ठेवायला लावा.

किनारा दिसेनासा होण्याआधी मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. समुद्रात जहाजाचं स्वतःचं नेटवर्क फोन आपणहून पकडतो आणि त्याचं रोमिंग बिल घरी आल्यावर कळतं.

परतताना

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. सगळं आवरून, झिप लावून, बॅगा बाहेर ढकलून माणसं निवांत झोपतात, आणि सकाळी लक्षात येतं की घालायचे कपडेही त्यातच गेले. सकाळचा जोड, चपला, ब्रश आणि आधार कार्ड बाहेर काढून खुर्चीवर ठेवा, मगच बॅग बंद करा. सामान थोडं असेल तर स्वतःच घेऊन उतरण्याचा पर्याय विचारा. सगळ्यात आधी तीच मंडळी मोकळी होतात.

उतरण्याची पाळी रंगानुसार किंवा क्रमांकानुसार लागते, म्हणून सकाळी सातची डेक्कन एक्सप्रेस किंवा ८:४० ची कोयना धरून परतीचं तिकीट काढू नका. दुपारची ४:२५ ची प्रगती किंवा ५:१० ची डेक्कन क्वीन ठेवा. मधले तास रिकामे जातात, पण सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये बॅगा ठेवता येतात. अट एवढीच की बॅगेला कुलूप हवं आणि रेल्वेचं तिकीट जवळ हवं. कुलूप नसलेली बॅग ते घेत नाहीत, आणि स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर तेच कुलूप दुप्पट भावाने मिळतं. दोन छोटी कुलपं पुण्यातूनच घेऊन निघा.