कळा सुरू होण्याआधी: प्रसूतीतील वेदनाशमनाची तयारी

प्रसूतीच्या वेळी वेदना कमी करण्यासाठी काय घ्यायचे, ते कळा सुरू झाल्यावर बघू, असे बहुतेक घरांत म्हटले जाते. पण रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये पोहोचल्यावर भूलतज्ज्ञ सकाळशिवाय येणार नाहीत असे कळले, तर बघण्यासारखे काही उरतच नाही. म्हणून ही तयारी ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान करावी आणि जिथे बाळंतपण होणार तिथेच करावी. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत असल्याने सात महिने पुण्यात दाखवायचे आणि प्रसूती तालुक्याच्या गावी, असे अनेकींचे होते. पुण्यातल्या डॉक्टरांशी झालेले बोलणे तिथे उपयोगी पडत नाही. माहेरी गेल्यावर पहिल्या तपासणीतच सगळे पुन्हा विचारावे.

सर्वांत आधी विचारायचे ते एपिड्युरलबद्दल, म्हणजे पाठीत बारीक नळी बसवून तिच्यातून भुलीचे औषध देण्याबद्दल, कारण उपलब्ध पर्यायांत वेदना सर्वांत परिणामकारकपणे तोच कमी करतो आणि भूलतज्ज्ञाशिवाय तो देता येत नाही. लहान प्रसूतीगृहांत भूलतज्ज्ञ बाहेरून बोलावले जातात. तेव्हा ते रात्री आणि सुटीच्या दिवशी येतात का, यायला किती वेळ लागतो, एपिड्युरल दिल्यानंतर थांबतात की नळी बसवून निघून जातात, आणि त्यांची फी बिलात धरलेली आहे की वेगळी, हे स्पष्ट विचारून घ्यावे. ‘गर्भपिशवीचे तोंड अमुक इतकी बोटे उघडल्याशिवाय देत नाही’ असा नियम तिथे असेल तर तोही आधीच कळायला हवा. खरे तर कळा नियमित सुरू झाल्यावर बाईने मागणी करणे एवढे कारण पुरेसे मानले जाते. कळा वाढवण्यासाठी सलाइनमधून ऑक्सिटोसिन सुरू करणार असतील, तर कळा जोरात आणि लागोपाठ येऊ लागतात. त्यामुळे वेदनाशमनाचा विषय त्याच वेळी काढावा.

एपिड्युरल देताना नेमके काय होते, हे माहीत असले की भीती बरीच कमी होते. पलंगाच्या कडेला बसून हनुवटी छातीला टेकवायची, उशी पोटाशी धरायची आणि पाठीचा कणा मांजरासारखा बाहेर काढायचा. जंतुनाशकाचा गार ओलसर स्पर्श, मग भुलीच्या छोट्या इंजेक्शनची चुरचुर, मग नुसता दाब जाणवतो. या दरम्यान कळ आलीच तर हलायचे नाही, ‘कळ आली’ एवढे सांगायचे, डॉक्टर थांबतात. सुई काढून घेतली जाते, आत राहते ती केसासारखी बारीक मऊ नळी. परिणाम यायला साधारण १० ते २० मिनिटे लागतात. रक्तदाब उतरू शकतो, खाज सुटू शकते, पाय जड होतात, लघवीसाठी नळी घालावी लागू शकते आणि बाळ खाली ढकलण्याचा टप्पा काहीसा लांबू शकतो. मात्र त्यामुळे सिझेरियनची शक्यता वाढत नाही. कमरेत सुई घेतली की जन्मभर कंबर दुखते, ही समजूतही अभ्यासांत टिकलेली नाही; बाळंतपणानंतर एपिड्युरल न घेतलेल्या बायकांचीही कंबर दुखतेच.

फाइलमध्ये अलीकडचा रक्ततपासणीचा अहवाल हवा, कारण रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, फार कमी असतील तर ही सुई देता येत नाही. रक्त पातळ करणारी हेपारिनसारखी इंजेक्शने चालू असतील, तर शेवटचे इंजेक्शन किती वाजता घेतले ते वहीत लिहून ठेवावे. औषध आणि मात्रेनुसार त्यानंतर काही तास ते २४ तास जावे लागतात, मगच एपिड्युरल देता येते. मणक्याची शस्त्रक्रिया किंवा पूर्वी भुलीचा झालेला त्रास न विचारताही सांगावा.

एपिड्युरल मिळणार नसेल, तर एंटोनॉक्स वायू आहे का, ते विचारावे. त्यात निम्मा नायट्रस ऑक्साइड आणि निम्मा ऑक्सिजन असतो. मास्क स्वतःच्याच हातात धरायचा आणि कळेची चाहूल लागताच श्वास घ्यायला लागायचे, कारण परिणामाला अर्धा मिनिट तरी लागतो. गरगरते, मळमळते, पण मास्क काढला की लवकर उतरते. ट्रामाडोल किंवा पेथिडीनच्या इंजेक्शनाने वेदना थोडी बोथट होते, झापड येते. जन्माच्या अगदी जवळ दिल्यास बाळाचा श्वास मंदावू शकतो, म्हणून वेळेबद्दल विचारावे.

औषधाइतकीच माणसाची तयारीही हवी. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक बाई राहू देण्याची मुभा केंद्र सरकारने २०१६ मध्ये दिली आहे. आई, बहीण, मावशी, जी घाबरणार नाही तिला निवडावे आणि कळ आली की माकडहाडाच्या वर तळहाताने घट्ट दाबून धरायला तिला आधीच शिकवावे. गरम पाण्याची पिशवी बॅगेत असावी. चालणे, उभे राहून पुढे झुकणे, कोमट पाण्याने अंघोळ यांना परवानगी आहे का, तेही विचारावे. घरातल्या मोठ्यांपैकी कोणी ‘आम्ही नाही का सोसल्या?’ म्हणाले, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत मागणी करणाऱ्या निरोगी स्त्रीला एपिड्युरल द्यावे असे म्हटले आहे, हे शांतपणे सांगावे.

टाक्यांचे बोलणे मात्र बहुतेक जणी विसरतात. माझ्या पहिल्या बाळंतपणात कळा मी निभावल्या, पण भूल पुरती चढण्याआधी घातलेले टाके आजही आठवतात. ‘झालेच आता’ म्हणत हात चालू राहिला. म्हणून सोबतीणीला सांगून ठेवावे: जागा बधिर झाली का, ते टाक्यांआधी तपासायला सांगायचे, आणि दुखत असेल तर थांबवून जागा बधिर करणारे लिग्नोकेन आणखी मागायचे.

एपिड्युरल घेतले असेल, तर घरी आल्यावर पहिले पाच-सहा दिवस एक खूण लक्षात ठेवावी. बसले की डोके असह्य ठणकते आणि आडवे झाले की उतरते, असे झाल्यास बाळंतिणीला वारा लागला म्हणून डोक्याला फडके बांधून ठेवू नये. त्याच दिवशी भूलतज्ज्ञाला फोन करावा. गरज पडल्यास स्वतःचेच थोडे रक्त पाठीत त्याच जागी सोडून ही डोकेदुखी थांबवता येते. त्यांचा नंबर घरी जाण्याआधीच मागून घ्यावा.