ऑर्लँडोत लाइटनिंग लेन बुक करताय? या चुका टाळा

लाइटनिंग लेन म्हणजे डिस्नी वर्ल्डमध्ये पैसे भरून, वेळ ठरवून राइडची लांब रांग टाळायचा पास. तिथल्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये दुपारी पीटर पॅन्स फ्लाइट या राइडच्या बाहेरचा बोर्ड बघा, सीझनला तास-सव्वा तास वेटिंग सहज असतं आणि राइड जेमतेम तीन मिनिटांची. तिथून चार पावलांवर हॉन्टेड मॅन्शन, तिथेही रांग लांबलचक दिसते पण ती सरकत राहते. दोन्ही राइड १९७१ च्याच, मग फरक कशाचा? पीटर पॅनच्या एका जहाजात दोन-तीन माणसं मावतात आणि जहाजं सुटीसुटी येतात, त्यामुळे तासाभरात फार लोक आत जातच नाहीत. हॉन्टेड मॅन्शनमध्ये गाड्यांची साखळी आहे, ती न थांबता फिरते आणि माणसं भरभर उचलते.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते, लोक राइडचं नाव बघून पास लावतात, कुणी म्हणालं भारी आहे की झालं बुक. बघायचं हे की त्या वेळेला पास नसता तर किती थांबावं लागलं असतं आणि पास घेऊन किती वाचतंय, कारण लाइटनिंग लेनमध्येही दहा-पंधरा मिनिटं जाऊ शकतात. बोर्डावर वीस मिनिटं असतील तर तिथे पास वाया घालवू नका. मिकीज फिलहारमॅजिकसारखा थिएटरमधला शो तर बहुतेक वेळा तसाच मिळतो, एका खेपेला अख्खं थिएटर भरतं ना.

दुसरी चूक, जुने व्हिडिओ बघून प्लॅन करणं. फुकटचा फास्टपास कधीच गेला, मग आलेला जिनी प्लसही गेला, जुलै २०२४ पासून मल्टी पास (अनेक राइडसाठी एक पास) आणि सिंगल पास (एकाच मोठ्या राइडचा वेगळा पास) अशी पद्धत आहे. मल्टी पासमध्ये आधी तीन राइड निवडता येतात, आणि मॅजिक किंगडममध्ये त्यातली एकच वरच्या, म्हणजे जास्त मागणीच्या, गटातली घेता येते. म्हणजे स्पेस माउंटन, जंगल क्रूझ, पीटर पॅन, टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर यातलं एकच. कुठली राइड कुठल्या गटात ते बदलत असतं, त्यामुळे बुक करायच्या आधी डिस्नीच्या अ‍ॅपमध्ये बघाच. बरोबर आईबाबा आणि लहान मुलं असतील तर मी डोळे झाकून पीटर पॅन किंवा जंगल क्रूझ घेईन, उंचीची अट नाही, सगळ्यांना बसता येतं, आणि सगळ्यांनी मिळून मजा करण्यासाठीच तर एवढ्या लांब गेलोय.

उंचीवरून आठवलं. माझा भाचा नाशिकहून आला होता, सहा महिने तिथल्या ट्रॉन या रोलर कोस्टरचं ट्रॉन ट्रॉन चाललं होतं, सिंगल पास घेतला, आणि तिथे मोजायच्या पट्टीखाली उभा केला तर डोकं दोन बोटं कमी. पोरगं टाचा उचलून बघत होतं आणि आम्हाला तिकडे बघवेना. ट्रॉनला १२२ सेंटीमीटर लागतात, स्पेस माउंटनला ११२. घरीच भिंतीला उभं करून अनवाणी मोजा, दोन मिनिटांचं काम आहे, आम्ही ते केलं नव्हतं.

आणि ट्रॉनचा पास सगळ्यांसाठी सरसकट घेऊ नका, तो माणशी पैसे मोजून घ्यायचा असतो. बाबा बसणार नसतील तर त्यांचा कशाला? घरच्यांना आधीच स्पष्ट विचारून घ्या, तिथे गेल्यावर "मी नाही हो बसत" म्हटलं की पैसे गेलेले असतात.

भारतातून बुक करणाऱ्यांनी वेळ नीट लक्षात ठेवा. डिस्नीच्या हॉटेलात राहणार असाल तर चेक-इनच्या सात दिवस आधी, बाकीच्यांना पार्कच्या तारखेच्या तीन दिवस आधी, ऑर्लँडोच्या सकाळी सात वाजता बुकिंग उघडतं. म्हणजे तिथली उन्हाळी वेळ (मार्च ते नोव्हेंबर) असताना आपल्याकडे संध्याकाळी साडेचार, हिवाळी वेळ असताना साडेपाच. तोपर्यंत सगळ्यांची तिकिटं अ‍ॅपमध्ये जोडलेली हवीत, आणि कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू आहेत का ते आदल्या दिवशीच बघा, आपल्याकडच्या नव्या कार्डांवर ते बंदच असतात आणि ऐन वेळी पेमेंट अडकलं की हवा तो स्लॉट गेला समजा. डिस्नीच्याच हॉलिवूड स्टुडिओज पार्कला जाणार असाल तर स्लिंकी डॉग डॅश ही राइड पहिल्यांदा उचला, तिचे स्लॉट फार लवकर संपतात.

स्लॉट कितीचा घ्यावा यातही गडबड होते. पार्क उघडल्यावरचा पहिला तास तसाही रिकामा असतो, तेव्हा एक मोठी राइड साध्या रांगेतून करून टाका आणि पहिला पास दहा-साडेदहाच्या आसपास ठेवा. तिन्ही पास संध्याकाळचे घेतले तर दिवसभर हातात काही नाही, कारण एक वापरल्यावरच पुढची राइड बुक करता येते. एकामागोमाग बुक करताना नकाशाही बघा, स्पेस माउंटन एका टोकाला आणि टियाना दुसऱ्या टोकाला, स्ट्रोलर ढकलत भर उन्हात ते अंतर कापताना मुलं रडकुंडीला येतात.

आता समजा ठरलेल्या वेळी राइडच बंद पडली. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी गडगडाटासह पाऊस येतो आणि उघड्यावरच्या राइड थांबवतात. घाबरू नका, मल्टी पासचा तो स्लॉट बहुतेक वेळा दुसऱ्या राइडलाही चालेल अशा पासमध्ये आपोआप बदलतो, अ‍ॅपमध्ये यादी येते. मात्र तो लगेच जवळच्या किरकोळ राइडला खर्च करू नका. पाऊस थांबेपर्यंत काहीतरी खाऊन घ्या आणि यादीतली सगळ्यात जास्त वेटिंग असलेली राइड कुठली ते बघून तिथे वापरा.