टीम थकतेय? टीम लीडनी या चुका टाळा

ऐरोलीच्या एका कंपनीत मी टीम लीड होतो. एकदा रात्री साडेआठला ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला उतरलो, तर प्लॅटफॉर्मच्या बाकावर माझ्याच टीममधला एक जण मांडीवर लॅपटॉप उघडून बसलेला. फोनचा हॉटस्पॉट चालू, शेजारी डब्याची पिशवी. "घोडबंदरला पोचेपर्यंत तास जाईल सर, तोवर क्लायंट थांबणार नाही." मी त्याची पाठ थोपटली आणि रिक्षाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. दोन महिन्यांत त्याचा राजीनामा आला.

ती शाबासकी ही माझी पहिली चूक. जो करतो त्याच्याच गळ्यात पुढचं काम पडतं, कारण आपल्याला ते सोयीचं असतं. नंतर मी तिकिटांची, म्हणजे सिस्टीममध्ये नोंदवलेल्या कामांची, यादी काढून बसलो. सहा जणांच्या टीममधली जवळपास निम्मी अवघड कामं त्याच्या एकट्याच्या नावावर होती, आणि ती मीच टाकलेली. आता नवं काम देताना "यातलं कोणतं काढून घेऊ?" हे आधी विचारतो, आणि काढलेलं काम कुणाकडे गेलं तेही ईमेलवर लिहितो. तोंडी काढलेलं काम आठवड्यात परत येतं.

दुसरी चूक निदानाची. शेवटच्या महिन्यात तो मीटिंगमध्ये तिरकस बोलायचा, "काय फरक पडतो" म्हणायचा. आम्ही म्हटलं, पोराचा अॅटिट्यूड बिघडला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या दिली, तिच्यात थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, अशी तीन लक्षणं आहेत. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण बराच काळ नीट न हाताळल्याचा हा परिणाम, असं ती सांगते. म्हणजे चांगला माणूस अचानक कडवट झाला, तर त्याला अप्रेझलमध्ये झोडपण्याआधी त्याचं कॅलेंडर उघडून बघा.

मग एचआरचा लाडका उपाय: संध्याकाळी साडेसहाला योगा सेशन, हजेरी सक्तीची. ज्याला डोंबिवली गाठायची आहे त्याच्यासाठी ते आणखी एक तासाचं काम. योगाशी माझं भांडण नाही, पण तो ऑफिसच्या वेळेत ठेवा.

"सुट्टी घे, फक्त फोन चालू ठेव" हे तर बंदच करा. सुट्टीच्या दोन दिवस आधी लेखी हँडओव्हर आणि बदली माणसाचं नाव ठरलेलं हवं. बदली माणूसच नसेल, तर अडचण सुट्टीची नाही, माणसं कमी आहेत.

तासांचं गणित वरच्यांना पटत नसेल, तर आकडे पुढे ठेवा. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात (२०१७) आठवड्याची मर्यादा ४८ तासांची आहे आणि जादा कामाला दुप्पट दर आहे. व्यवस्थापकीय पदांना तो लागू नाही. त्यामुळे मॅनेजर स्वतःचे तास मोजत नाही आणि मग दुसऱ्यांचेही मोजायचे विसरतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासात ३५ ते ४० तासांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आढळला.

माणूस आधीच थकून बसला असेल, तर "काय झालंय?" विचारू नका, "काही नाही" हेच उत्तर येतं. "या आठवड्यात काय केलं नाही तरी चालेल?" असं विचारा. मला एकदा याचं उत्तर मिळालं होतं, "रोजचा रिपोर्ट. तो कुणी वाचत नाही." खरंच कुणी वाचत नव्हतं. त्याच दिवशी बंद केला.

झोप उडाली, रडू आवरत नाही, जगण्यातच रस उरला नाही असं कुणी बोललं, तर रोस्टर बदलून भागणार नाही. डॉक्टरकडे जायला मदत करा, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. आमच्याकडे तो आता पँट्रीत, चहाच्या मशीनवर चिकटवलेला आहे.